डाव्या होडीचं पोट

"पीछे हटो, सब पीछे! पंखा किसी का मामा नहीं लगता!"

फिरदोस ओरडला, तशी जमलेली चौदा माणसं आज्ञाधारकपणे दोन पावलं मागे सरली आणि मोबाइल उंचावून तीन पावलं पुढे आली.

विमान शेडबाहेर, समुद्राकडे तोंड करून उभं होतं. पिवळंधमक, एकावर एक दोन पंखांचं, एकामागे एक दोन उघड्या बैठका. पुढे शिकणाऱ्याने बसायचं, मागे शिकवणाऱ्याने. चाकं नव्हती. त्याजागी पाच-पाच मीटर लांबीचे दोन लाकडी फ्लोट होते, म्हणजे बाबाजी मेस्तच्या भाषेत दोन होड्या. पाण्यावर उतरणारं विमान जमिनीवर उभं करायचं म्हणून प्रत्येक होडीखाली एकेक टायरवाली गाडी सरकवली होती आणि शेपूट जाड दोराने जमिनीतल्या कडीला बांधलं होतं.

इंजिन दोनदा खोकलं, निळसर धूर ओकलं आणि लागलं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी लागलं, असं फिरदोस नंतर प्रत्येकाला सांगणार होता. फिरदोस नवसारीचा पारशी. इंजिन सोडून दुसऱ्या कशाबद्दलही त्याचं मत विचारण्यात अर्थ नसे, आणि इंजिनबद्दल विचारण्याची गरज पडत नसे.

सगळे पंख्याकडे बघत होते. बाबाजी आपल्या होड्यांकडे बघत होता. माणूस लग्नाच्या मांडवात आपल्याच पोराकडे बघतो, तसंच ते. पण फिरदोसने इंजिनचा जोर वाढवला आणि बाबाजीची नजर होडीवरून खाली घसरली. डाव्या गाडीचा टायर दबला होता, त्याचं पोट दोन्हीकडून बाहेर आलं होतं. उजव्या गाडीचा टायर तेवढाच उचलल्यासारखा दिसत होता. जोर कमी झाला, तसे दोन्ही टायर सारखे झाले.

"खलास! पास!" निनाद ओरडला. टाळ्या झाल्या. निनाद हा या कामाचा इंजिनियर, पुण्याचा, चौतीस वर्षांचा. आनंद झाला की तो आधी व्हिडिओ काढायचा आणि मग आनंदी व्हायचा. आज त्याने क्रम बदलून आधी बाबाजीला मिठी मारली.

"बाबाजी! हसा की जरा!"

"हसतंय, साहेब," बाबाजी म्हणाला आणि फिरदोसकडे गेला. "फिरदोसभाय, एक बार फिरसे जोर करो ना."

"क्यों, गाना पसंद आया?"

"टायर देखना है."

फिरदोसने पुन्हा जोर दिला. टायर पुन्हा दबला. डावाच.

"ये तो होगाच," इंजिन बंद करून हात पुसत फिरदोस म्हणाला. "इंजन पंखे को सीधे हाथ घुमाता है, तो पंखा जहाज को उल्टे हाथ मरोड़ता है. हिसाब बराबर. पानी पे होता तो बायाँ पैर डूबता थोड़ा."

"मगे?"

"मगे क्या! पायलट सँभालता है. सीखनेवाला छोकरा हो तो नहीं सँभालता, गोल घूमता है. बनानेवाला समझदार हो तो बायें को पहले से थोड़ा जास्ती पेट देगा."

फिरदोसने हे सहज, चिंधी शोधता शोधता सांगितलं. बाबाजी पाणी प्यायला म्हणून कुलरकडे गेला आणि ग्लास भरून, तो न पिता, तिथेच उभा राहिला.

या विमानाची गोष्ट फार मोठी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी युरोपातल्या एका देशाच्या नौदलाला पोरांना पाण्यावरून उडायला शिकवायचं विमान हवं होतं. एका छोट्या कारखान्याने नमुना म्हणून एक बांधलं. नौदलाने ते उडवून बघितलं, छान म्हटलं आणि ऑर्डर दुसऱ्याला दिली. नमुना नमुनाच राहिला. तो एका तळ्याकाठच्या गोठ्यात पडून होता. पुढे आखातातल्या एका खाजगी संग्रहालयाने तो विकत घेतला आणि तीन कंटेनरमध्ये भरून शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाठवला. इथली कंपनी एरवी फायबरच्या बोटी बनवायची. विमानाच्या होड्या मात्र लाकडी होत्या, आणि कंपनीत लाकूड कळणारा माणूस उरला होता एकच.

बाबाजी देवगडकडचा. बाप, आजा, दोघेही होड्या बांधायचे. एकतीस वर्षांपूर्वी तो लाकडी बोटी दुरुस्त करायला इथे आला. बोटी फायबरच्या झाल्या, तरी कुठल्याही मापातल्या चुका बघून सांगायला कंपनीने त्याला ठेवून घेतलं. त्याच्यापाशी विशेष असं एकच होतं, नजर. सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा फरक त्याला दहा पावलांवरून दिसे. बाकी तो चारचौघांसारखाच. दात दुखला की चिडणारा, पत्ते खेळताना पानं चोरून बघणारा, आणि नजरेची तारीफ झाली की "तसा काय नाय ओ" म्हणत आणखी थोडा वेळ तिथेच रेंगाळणारा.

दीड वर्षापूर्वी कंटेनर उघडला, तेव्हा उजवी होडी बरी होती, डावी कुजलेली. बाबाजीने डावीच्या फासळ्या उघड्या केल्या, उजवीशी ताडून बघितल्या आणि नाक मुरडलं. तिसऱ्या फासळीपासून सातवीपर्यंत डावी दोन्ही अंगांनी तीन-तीन सूत जास्त होती.

"आहे तशीच ठेवूया का?" तेव्हा निनादने विचारलं होतं. "कदाचित मुद्दाम असेल."

"मुद्दाम?" बाबाजी हसला होता. "साहेब, एक पाय जाडा नि एक बारीक, असा मुद्दाम कोण करीत? लाकूड फुगलाहा. नायतर मागसून कोणीतरी येडपटान डागडुजी केली हा."

आणि त्याने नव्या फासळ्या उजवीच्या मापाने कापल्या. अडीच महिन्यांनी कंपनीने लेझरचं माप-यंत्र आणलं. निनादने दोन्ही होड्या मोजल्या. फरक निघाला एक मिलिमीटरहून कमी. त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले गेले. ते अल नहदाच्या दुकानातले होते आणि बरेचसे साखरेचे होते, पण वाटले गेले.

कंपनीचा नियम असा की साठी झाली की व्हिसा वाढत नाही. अपवाद फक्त ज्याच्यावाचून काम अडतं त्याचा. बाबाजीला साठ पुढच्या महिन्यात पूर्ण होत होती. निनादने ऑफिसला द्यायचं पत्र लिहून ठेवलं होतं आणि हौसेने त्याला मराठीत वाचूनही दाखवलं होतं. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'आमच्या लेझर यंत्राने जे नंतर सिद्ध केलं, ते या माणसाच्या नजरेने आधीच केलेलं होतं.' पुरावा म्हणून डाव्या होडीचा रिपोर्ट जोडला होता.

बाबाजीला इथे राहायचं होतं. पैशापाण्याचं फारसं नव्हतं, पोरगा कमावता होता. पण मिथुनने, म्हणजे पोराने, होड्या बांधायच्या जागेवर पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबर बोटींचा धंदा टाकला होता. आजाच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी लाइफ जॅकेटं टांगलेली असत. मागच्या रजेत बाबाजी तिथे खुर्ची टाकून बसला, तर दोन महिन्यांत त्याला लोकांनी एकच प्रश्न विचारला, की काका, टॉयलेट कुठे? इथे निदान दिवसातून एकदा तरी कोणी हाक मारायचं, बाबाजी, जरा बघ रे, हे सरळ आहे का?

ग्लासातलं पाणी न पिता त्याने कुलरच्या ताटलीत ओतलं. आता त्याला आणखी एक गोष्ट आठवत होती. ती विसरता आली असती तर बरं झालं असतं. जुन्या फासळ्यांवर, प्रत्येकीच्या कडेला, पेन्सिलची एक छोटी तिरकी खूण होती. जगातला कुठलाही सुतार ती खूण ओळखतो. रंधा इथे थांबवायचा, यापुढे घ्यायचं नाही. कुठल्याशा थंड देशातल्या मेस्त्रीने ऐंशी वर्षांपूर्वी त्याच्यासाठी ते लिहून ठेवलं होतं. बाबाजीने खुणा बघितल्या होत्या. बघून फासळ्या भंगारात टाकल्या होत्या.

संध्याकाळी भंगारवाल्या युसुफला फोन केला. युसुफने आठवायचं नाटकही केलं नाही. "चाचा, डेढ़ साल पहले की लकड़ी? उसपे तो किसी ने बिर्यानी पका ली होगी."

मग गिरिजाला, बायकोला, फोन केला. सगळं सांगितलं.

"ता इमान पाण्यात जातला काय?" तिने विचारलं.

"नाय. हॉलात टांगून ठेवतले."

"उडतला?"

"नाय गो."

"मगे तुमका कसली काळजी?"

"तसा नाय ता."

पलीकडे कुकरची शिटी झाली. "सांगल्यावर घराक येवचा लागात?" गिरिजाने विचारलं.

"बहुतेक."

"बरा," ती म्हणाली. त्या 'बरा'तून ती काय म्हणाली हे बत्तीस वर्षांच्या संसारानंतरही बाबाजीला उलगडलं नाही. फरक सुतात मोजता आला असता तर उलगडला असता.

रविवारी तो बस बदलत बदलत अल नहदाला गेला. निनादचा फ्लॅट सतराव्या मजल्यावर होता. खिडकीतून दुबई दिसे आणि मधे दुबईला जाण्यासाठी खोळंबलेल्या गाड्या दिसत. रविवारीही दिसत. बाबाजीने चपला दारापासून चार हात लांब, लिफ्टजवळ काढल्या. हातात किलोभर केळी होती.

"अहो, बाबाजी आलेत!" निनादची बायको वैभवी म्हणाली. "आणि चपला तिकडे कशाला? इथे काढा की. केळी कशाला आणलीत?"

आतून नऊ वर्षांची ईशानी धावत आली. "बाबा, द ह्यूमन लेझर इज हिअर!"

निनाद हाफ पँटवर आला. एरवी हेल्मेट घालून हुकूम सोडणारा साहेब घरी इतका बारीक दिसेल असं बाबाजीला वाटलं नव्हतं. बाबाजी सोफ्याच्या कडेला, उठायला सोपं जाईल असा बसला. चहा आला. पोहे येत होते. तो म्हणाला, "साहेब, डावी होडी चुकली."

"चुकली म्हणजे? क्रॅक गेला?"

"क्रॅक नाय. बरोबर झाली, ताच चुकला."

मग त्याने टायर सांगितला, फिरदोसचं बोलणं सांगितलं, पेन्सिलच्या खुणा सांगितल्या. निनाद काही मूर्ख नव्हता. दुसऱ्या वाक्यालाच त्याने दोन्ही हात पंखांसारखे धरून डावीकडे झुकवले, आणि तिथेच थांबला.

"शिट."

"बाबा, लँग्वेज," ईशानी म्हणाली.

"ईशानी, आत जा. होमवर्क."

"इट्स संडे!" ती गेली नाही.

"ऐका, बाबाजी," निनाद हळू आवाजात म्हणाला. "या विमानाचं एकही ड्रॉइंग जगात नाही. ते परत पाण्यात जाणार नाही. कुणाला कधी कळणार नाही. आणि तुम्हाला तरी खात्री आहे का? शंभर टक्के?"

"नव्वद."

"मग त्या दहा टक्क्यांवर गप्प बसा ना!"

"खुणा होत्या, साहेब."

"पेन्सिलची खूण रिपोर्टमध्ये जात नाही! माझ्या रिपोर्टमध्ये 'सिमेट्री रिस्टोअर्ड' असं लिहिलंय. त्याच्यावर मला क्लायंटचा थँक यू मेल आलाय. उद्या तुमचं पत्र जातंय ऑफिसला. त्यात काय लिहिलंय, माहितीये ना?"

"म्हायत आसा. म्हणान तर आलंय."

निनाद उठून खिडकीशी गेला, परत आला. "तुमच्यासाठीच लिहिलं ना मी ते? मला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही कशाक वाईट वाटून घेतास? तुम्ही म्हटलेलास, आसा तसाच ठेवूया."

हे बाबाजी निनादला बरं वाटावं म्हणून बोलला होता. निनादच्या चेहऱ्यावरून ते नेमकं उलट लागलं असावं.

"अहो, पण त्यांनी सांगितलंच नसतं तर?" वैभवी पोह्याच्या डिश ठेवता ठेवता म्हणाली.

"तेच म्हणतोय मी!"

"नाही, मी वेगळं म्हणतेय," ती म्हणाली आणि लिंबाची फोड आणायला आत गेली. ती वेगळं काय म्हणत होती हे तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"सो जस्ट मेक इट फॅट अगेन, ना," ईशानीने प्रश्न सोडवला.

"सहा आठवडे लागतील, बेटा, आणि ट्रेलर बुधवारी येतोय," निनाद म्हणाला. मग बाबाजीकडे वळला. "हे बघा. तुम्ही आज आलात, पोहे खाल्लेत, केळी दिलीत. बाकी मी काही ऐकलं नाही. ठीक आहे?"

बाबाजीने पोहे संपवले. चांगले होते. निनादने त्याला गाडीतून बस स्टँडवर सोडलं. तीन किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली आणि पस्तीस मिनिटं दोघंही पुढच्या गाडीचा नंबर वाचत होते.

सोमवारी पत्र गेलं नाही. निनाद म्हणाला, प्रिंटर बिघडलाय.

मंगळवारी संग्रहालयाची हुमेरा आली. भोपाळची, चाळिशीची, आवाज मऊ आणि पेन टोकदार. संग्रहालयात आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणं हे तिचं काम. तिची एक पद्धत होती. विमानाच्या प्रत्येक भागापुढे तीन रकाने: मूळ, दुरुस्त, बदललेलं. एकात बरोबरची खूण, आणि शेजारी सही. इंजिनियरची चालत नसे. ज्याने हाताने काम केलं त्याचीच सही लागे. निनादला ही पद्धत खुळचट वाटे, कारण एकशे बारा ओळींसाठी नऊ माणसांना शेडमधून हाका मारून आणावं लागे.

फिरदोसने इंजिनपुढे 'मूळ'वर अशी सही ठोकली की मागच्या दोन पानांवर उमटली. कापड, तारा, घड्याळं, रंग सगळं झालं. ओळ एकाहत्तर आली. दोन्ही फ्लोट, मूळ आकाराप्रमाणे दुरुस्त. खूण निनादने आधीच करून ठेवली होती. फक्त सही बाकी होती.

बाबाजीने पेन हातात घेतलं. चष्मा लावला. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"यल्ला, चला, बाबाजी," निनाद म्हणाला.

"मॅडम," बाबाजी म्हणाला, "इसका दो लाइन करो. सीधे हाथवाला ठीक है. उल्टे हाथवाला बदली हो गया."

"बदली मतलब, बाबाजी?"

"लकड़ी तो नया डालनाच था. लेकिन आकार भी बदली हो गया. उसका पेट था, मैंने निकाल दिया."

निनाद शेडच्या छपराकडे बघू लागला. छपरात बघण्यासारखं काही नव्हतं. फिरदोस खाली पडलेला एक स्क्रू शोधू लागला. तो नंतरही सापडला नाही, कारण पडलाच नव्हता.

हुमेराने भुवयासुद्धा उचलल्या नाहीत. तिने बॅगेतून कोरं पान काढलं. कधी? कुठून कुठपर्यंत? किती? कशाने मोजलं होतं?

"आँख से."

"आँख से," तिने लिहिलं. "फ़ैसला किसका था?"

"मेरा."

"साइन मैंने किया था," निनाद छपराकडे बघतच म्हणाला. मग खाली बघून, मराठीत, "माझंच अप्रूव्हल होतं."

हुमेराने मान हलवली, पण त्यासाठी तिच्या पानावर जागा नव्हती. तिने चौकोनात लिहिलं: बाबाजी मेस्त, सुतार.

बाबाजीने दम घेतला. आता खरं बोलायचं ते पुढे होतं, आणि ते त्याने रविवारपासून तयार करून ठेवलं होतं. "मॅडम, छे हप्ता देव. मैं वापस बनाता है. छुट्टी में बनायेगा. वैसाच पेट."

"नहीं," हुमेरा म्हणाली.

"कंपनी को बोलने का नहीं. मैं अकेला..."

"बाबाजी, बात कंपनी की नहीं है. आपने जो निकाला वो उस आदमी का बनाया हुआ था. अब जो बनाएँगे वो आपका होगा. दो बार हाथ लग जाएगा." तिने पेनाला टोपण लावलं. "जैसा है वैसा जाएगा. काग़ज़ पे सच लिखा रहेगा, बस."

चूक कबूल करायला बाबाजी तयार होता. ती दुरुस्त करायला मिळणार नाही, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. लाकडात चूक झाली तर पाचर मारता येते, सांधा भरता येतो. एकतीस वर्षांत कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं की राहू दे, हात लावू नकोस. त्याने ओळ एकाहत्तर, पुरवणीसह, यापुढे सही केली. ती सरळ रेषेत आली नाही.

"एक काम कर सकते हैं," जाता जाता हुमेरा थांबली. "उसकी लाइन आपको याद है?"

"हाय."

"तो खींच दीजिए. पूरे नाप की."

बुधवारी विमान ट्रेलरवर चढून गेलं. लोकांनी व्हिडिओ काढले. बाबाजी शेडच्या मागच्या कोपऱ्यात आठ फुटी प्लायवूडचा तक्ता जमिनीवर मांडून गुडघ्यांवर बसला होता. तक्त्यावर ठराविक अंतराने खिळे, आणि त्यांना टेकवून वाकवलेली सागाची एक लवचीक पट्टी. होडीची रेघ अशीच काढायची असते. पट्टी स्वतःहून जिथे वाकायला राजी असते, तिथेच रेघ खरी. त्याने एक खिळा अर्धा सूत सरकवला. लांब जाऊन, एक डोळा मिटून बघितलं. परत आला, पाव सूत मागे घेतला. सकाळचे नऊ ते दुपारचे सव्वाबारा, एवढंच चाललं होतं. मधे फिरदोस चहा घेऊन आला आणि काही न बोलता ठेवून गेला. फिरदोस न बोलता काहीतरी करून गेला, याची त्या शेडमध्ये ही पहिलीच नोंद असावी.

दुसऱ्या दिवशी हुमेरा व्हॅन घेऊन आली. उलट्या बादलीवर बसून तिने रेघ बघितली.

"पक्का?"

"यहाँ से," बाबाजीने तिसऱ्या फासळीच्या जागी बोट ठेवलं आणि सहावीपर्यंत नेलं, "यहाँ तक पक्का. आगे..." त्याने डोकं खाजवलं. "आगे याद नहीं. तीन सूत होगा, ढाई होगा."

"तो आगे टूटी लाइन कर दीजिए. हम जो नहीं जानते उसे वैसे ही लिखते हैं."

बाबाजीने सहावीपासून सातवीपर्यंतची रेघ रबराने पुसली आणि तिथे तुटक रेघा मारल्या, प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेएवढीच. ते मोजायला कुणाची गरज नव्हती.

पत्र अखेर गेलं होतं. निनादने ते मागे घेतलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. त्याने त्यातलं एक वाक्य तेवढं काढलं, लेझरचं. ते काढल्यावर पत्रात उरलं ते कुठल्याही माणसाबद्दल लिहिता आलं असतं. वक्तशीर, मनमिळाऊ, सुरक्षेचे नियम पाळणारा. ऑफिसचा नकार एका दिवसात आला. ऑफिस इतकं तत्पर असतं हे कुणाला माहीत नव्हतं.

"मी अजून एकदा बोलून बघतो," निनाद म्हणाला.

"नको ओ साहेब," बाबाजी म्हणाला. "पत्रात काय एक खोटा नाय लिवलास. बरा लिवलास."

निनादने व्हॅनच्या टपावर तक्ता चढवायला एक बाजू धरली.

तक्ता बाबाजीने बांधला. गाठी त्याच्या असल्यामुळे फ्री झोनच्या गेटपर्यंत तो व्हॅनबरोबर चालत गेला. फाटकावर पहाऱ्याला नेपाळी गार्ड होता. झोनमधून खिळा बाहेर न्यायचा तरी कागद लागतो.

"क्या माल है?"

"प्लाय है," बाबाजी म्हणाला.

"उसपे क्या है?"

"लाइन."

गार्डने टाचा उंचावून बघितलं. माप लिहिलेलं नव्हतं, नंबर नव्हता, कंपनीचा शिक्का नव्हता. पेन्सिलची एक वाकडी रेघ, शेवटी तुटक. त्याने व्हॅनला फेरी मारून खालच्या बाजूनेही बघितलं. खाली काहीच नव्हतं.

"ड्रॉइंग लिखिए," खिडकीतून हुमेरा म्हणाली.

"ड्रॉइंग पे नंबर होता है, मॅडम." गार्डने लिहिलं: प्लायवूड, एक, वापरलेलं. "क़ीमत?"

हुमेराच्या कागदांत किमतीचा रकाना नव्हता. अशा वेळेसाठी गार्डपाशी रबरी शिक्का होता. त्याने तो शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. 'नो कमर्शियल व्हॅल्यू'. मग कागद तिच्या हातात दिला आणि फाटकाचा दांडा वर केला.

"एक मिनिट," बाबाजी म्हणाला.

दोर रेघेवरून जात होता. वाटेत घासला असता, तर शारजाच्या त्या ट्रॅफिकमध्ये पोहोचेपर्यंत पेन्सिल पुसली गेली असती. त्याने गळ्यातला पंचा काढला, चौपदरी घडी घातली, दोर बोटाने उचलून पंचा खाली सरकवला आणि सगळीकडून चाचपून बघितला. गार्ड दांडा धरून थांबला होता. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते.

"जाव," बाबाजी म्हणाला.

व्हॅन गेली, ट्रक गेले. दांडा खाली आला तेव्हा बाबाजी आतल्या बाजूला होता. अजून एकोणीस दिवस.